एका खोलीएवढं घर

५ जानेवारी १९९८, सोमवार. कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात, माँट्रियलच्या आसपास पाऊस लागला. जानेवारीत तिथे हिम पडायला हवं; पाऊस ही वाईट बातमी होती. वर आभाळात उबदार हवेचा थर होता, त्यामुळे हिमकण वितळून थेंब होत होते. जमिनीलगत सेंट लॉरेन्स नदीच्या खोऱ्यात मात्र थंड हवा दबा धरून बसली होती. तिच्यातून खाली येताना थेंब शून्याच्याही खाली गार होत, पण गोठत नसत. गोठायला त्यांना टेकायला काहीतरी लागतं. फांदी, कौल, गाडीची काच, विजेची तार, जे मिळेल त्याला थेंब चिकटला की त्याच क्षणी त्याची काच व्हायची. पुढचा थेंब त्या काचेवर. असं पाच दिवस चाललं. काही ठिकाणी १०० मिलिमीटरपर्यंत असा पाऊस झाला.

तारेवर बर्फ साचला तर काय होतं, याचा हिशेब घरी करता येतो. समजा तार तीन सेंटिमीटर जाडीची आहे आणि तिच्याभोवती सगळीकडून चार सेंटिमीटर बर्फ चढलाय. मग दर मीटरला जवळजवळ आठ किलोचं ओझं झालं. दोन मनोऱ्यांत तीनशे मीटर अंतर धरा, म्हणजे एका तारेवर दोन टनांहून अधिक. आणि मनोऱ्यावर तार काही एक नसते. एक मनोरा वाकला की तारांच्या ओढीने शेजारचा वाकतो, मग त्याच्या पलीकडचा. शेकडो पोलादी मनोरे आणि हजारो लाकडी खांब असेच ओळीने आडवे झाले. क्वेबेकमधल्या जवळजवळ १४ लाख ग्राहकांची वीज गेली. ग्राहक म्हणजे घर, दुकान, कारखाना. माणसं मोजली तर सुमारे ३० लाख, म्हणजे प्रांतातली निम्म्याहून थोडी कमी. बहुतेकांकडे काही दिवसांत वीज परतली. माँट्रियलच्या दक्षिणेला सँ-यासँत, ग्रँबी आणि सँ-झाँ-स्युर-रिशल्यू या तीन गावांमधल्या पट्ट्यात मात्र आठवडे गेले, काही घरांत तर महिनाभराहून अधिक. त्या पट्ट्याला लोकांनी नावच दिलं, अंधाराचा त्रिकोण.

नाव चपखल असलं तरी ते थोडं दिशाभूल करणारं आहे. अंधार ही तिथली खरी अडचण नव्हतीच.

आपल्याला लाईट जाण्याची सवय आहे. महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांनी भारनियमनाची वर्षं काढली आहेत. रात्री बारानंतर मोटर चालू करायला शेतावर जाणारे आजही आहेत. आपल्याकडे लाईट गेली की पंखा थांबतो, घाम येतो, डास चावतात. माणूस अंगणात येऊन बसतो, कारण घरापेक्षा बाहेर बरं असतं. क्वेबेकमध्ये नेमकं उलटं. जलविद्युत स्वस्त म्हणून तिथली बहुसंख्य घरं विजेवरच तापतात; भिंतीच्या तळाशी लांबट हीटर बसवलेले असतात. ज्यांच्याकडे गॅसची भट्टी आहे त्यांचीही सुटका नाही, कारण गरम हवा खोल्याखोल्यांतून ढकलणारा पंखा आणि भट्टी पेटवणारी ठिणगी या दोन्हींना वीजच लागते. वीज गेली त्या क्षणापासून घर आपली ऊब बाहेर टाकू लागतं. ती भिंतीतून जाते, काचांतून जाते, दाराखालच्या फटीतून जाते. घर किती चांगलं बांधलंय त्यावर तुमच्या हाती सहा तास आहेत की दोन दिवस, एवढंच ठरतं. पुन्हा ऊब तयार करणारं काही घरात नसेल, तर करता येण्यासारखं मोठं काम एकच उरतं, ते म्हणजे आहे ती ऊब सांभाळणं. आणि आठ खोल्यांची ऊब कुणालाच सांभाळता येत नाही.

म्हणून घर लहान करायचं. ज्यांनी असे दिवस काढले त्यांच्या सांगण्यात हे पहिल्यांदा येतं. एक खोली निवडायची. शक्यतो लहान, बुटक्या छताची, कमी खिडक्यांची, आणि एखादी खिडकी दक्षिणेकडे असेल तर सोनं. कारण उत्तर गोलार्धात हिवाळ्याचं ऊन दक्षिणेकडून तिरपं, खोलवर आत येतं. दिवसा ऊन असेपर्यंत तो पडदा उघडा. ऊन कललं की लगेच बंद, आणि त्यावर घरात असेल ते जाड पांघरूण टांगायचं. बाकीच्या खोल्यांची दारं लावून घ्यायची, दाराखालच्या फटीत गुंडाळलेला टॉवेल दाबायचा. गाद्या ओढून त्या खोलीत आणायच्या, कारण फरशी अंगातली ऊब शोषून घेते. अंगावर दोन पांघरुणं आणि खाली काही नाही, यापेक्षा एक खाली आणि एक वर बरं. मुलांसाठी कॅम्पिंगचा तंबू असेल तर तो खोलीतच गादीवर उभारायचा. तंबूच्या कापडाने थंडी थांबत नाही, पण चार माणसांच्या श्वासाची आणि अंगाची ऊब त्या एवढ्याशा जागेत राहते. घरातलं घर.

आपल्या गोधडीचं शहाणपण हेच आहे. गोधडीत काय असतं? जुनी लुगडी, धोतरं, चादरींचे तुकडे. यातलं एकही कापड स्वतः उबदार नसतं. ऊब देते ती त्या थरांमध्ये अडकलेली, हलू न शकणारी हवा, आणि ती हलू नये म्हणून तर जवळजवळ धावदोरा घातलेला असतो. अंगावरच्या कपड्यांचंही तसंच. एका जाड कोटापेक्षा तीन पातळ थर चांगले, आतला अंगाला चिकटणारा सुती नसलेला, कारण सुती कापड घामाने भिजलं की वाळत नाही आणि ओलं कापड ऊब पळवतं. वर लोकर. डोक्याला कानटोपी, झोपतानासुद्धा.

आता एक आकडा, जो मला स्वतःला कळला तेव्हा फार उपयोगी वाटला. स्वस्थ बसलेलं मोठं माणूस सुमारे १०० वॉट उष्णता बाहेर टाकतं. जुन्या पद्धतीचा शंभराचा बल्ब जितका तापतो तितकं. एका खोलीत चार माणसं म्हणजे चारशे वॉट, छोट्या हीटरच्या निम्म्याएवढी ऊब, फुकट आणि बिनधोक. आणि मेणबत्ती? साधी मेणबत्ती तासाला पाच-सात ग्रॅम मेण जाळते. त्यातून निघते ६०-८० वॉट उष्णता. म्हणजे मेणबत्तीपेक्षा शेजारी बसलेली आजी जास्त ऊब देते. तरीही दर हिवाळ्यात लोक मातीच्या कुंडीखाली मेणबत्त्या लावून हीटर बनवतात. कुंडी तापते, हाताला चटका बसतो, म्हणून वाटतं खोली तापतेय. पण कुंडी नवी ऊब कुठून आणणार? मेणबत्त्या पेटवून, दमलेली माणसं पांघरुणांच्या ढिगात झोपतात, आणि घर पेटतं. उजेडासाठी बॅटरी वापरावी. डोक्याला बांधायची असेल तर उत्तमच. हात मोकळे राहतात.

शेकोटीबद्दलही असाच एक गैरसमज आहे. दारं असलेला लोखंडी लाकडाचा स्टोव्ह, ज्याचं धुराडं साफ आहे, तो खरंच घर वाचवतो. १९९८ मध्ये ज्यांच्याकडे असा स्टोव्ह होता त्यांच्याकडे अख्खी गल्ली राहायला आली. पण भिंतीतली उघडी, शोभेची शेकोटी वेगळी. तिच्यातला जाळ वर जाताना खोलीतली उबदार हवा धुराड्यातून ओढून नेतो, आणि तिची जागा भरायला बाहेरची गार हवा फटींतून आत येते. शेकोटीसमोर गाल भाजतात आणि मागच्या खोल्या आधीपेक्षा थंड होतात.

आता ज्या गोष्टीसाठी मला हे प्रकरण लिहावंसं वाटलं तिच्याकडे येतो. थंडीत वीज गेली की थंडीने माणसं मरतात, पण ऊब मिळवण्याच्या धडपडीतही मरतात. आणि ही दुसरी मरणं टाळता येण्यासारखी असतात, म्हणून जास्त लागतात.

कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, तो नाकाला झोंबत नाही. कोळसा, लाकूड, रॉकेल, पेट्रोल, गॅस, काहीही अपुऱ्या हवेत जळलं की तो तयार होतो. रक्तातलं हिमोग्लोबिन प्राणवायूपेक्षा दोनशेपट ओढीने त्याला धरून ठेवतं. म्हणजे श्वास चालू असतो, हवेत प्राणवायू असतो, तरी रक्तातल्या जागा आधीच अडलेल्या असतात. आधी डोकं दुखतं. मग मळमळ, चक्कर, गळाठा. घरातले सगळे एकदमच आजारी पडल्यासारखे होतात. वाटतं, फ्लू असेल. पण ताप नसतो. आणि दाराबाहेर मोकळ्या हवेत गेलं की डोकं हलकं होतं. ही खूण लक्षात ठेवण्यासारखी आहे. झोपलेल्या माणसाला मात्र यातली कुठलीच खूण मिळत नाही.

हे आपल्याला नवीन नाही. बाळंतिणीच्या खोलीत निखाऱ्यांची शेगडी ठेवून दारं-खिडक्या लावून घेण्याची आपली जुनी रीत आहे. त्यातून झालेले अपघात अनेक घरांत दबक्या आवाजात सांगितले जातात. बंद न्हाणीघरात गॅस गिझर चालू ठेवून अंघोळीला गेलेली तरुण मुलं परत बाहेर आली नाहीत, अशा बातम्या आपण दर हिवाळ्यात वाचतो. तोच वायू, तेच कारण. फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्सासमध्ये वीज गेली तेव्हा एकट्या ह्यूस्टन परिसरात शेकडो माणसांना या विषबाधेसाठी रुग्णालयात न्यावं लागलं. कुणी अंगणातली कोळशाची बार्बेक्यू शेगडी घरात आणली होती. कुणी जनरेटर गॅरेजमध्ये चालू ठेवला होता, दार अर्धं उघडं ठेवून. कुणी गाडीतल्या हीटरची ऊब घेण्यासाठी घराला लागून असलेल्या गॅरेजमध्येच गाडी चालू करून मुलांना घेऊन बसले होते. ही बेफिकीर माणसं नव्हती. लेकराला हुडहुडी भरलेली पाहवत नव्हती, एवढाच त्यांचा गुन्हा.

म्हणून नियम कडक हवा, परिस्थिती पाहून वाकवायचा नव्हे. कोळसा घरात पेटवायचा नाही. खिडकी उघडी ठेवूनही नाही. स्वयंपाकाच्या गॅसच्या शेगडीवर चहा करा, पण ती पेटवून ठेवून खोली तापवू नका. जनरेटर घराबाहेर, निदान वीस फूट लांब, धूर खिडकी-दारापासून उलट दिशेला जाईल असा. गाडीत बसायचं तर गाडी उघड्यावर, आणि आधी मागे जाऊन पाहायचं की सायलेन्सरचं तोंड हिमात गाडलं गेलेलं नाही ना. बॅटरीवर चालणारा कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म तिकडच्या कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. मुलगा किंवा मुलगी थंड देशात घर घेत असेल, तर आपण इकडून लोणची-पापड धाडतोच. त्याबरोबर हे एक विचारून घ्यावं, अलार्म आहे ना, आणि त्यातली बॅटरी कधी बदलली?

जनरेटरचा आणखी एक धोका घरातल्यांना नसतो, वायरमनला असतो. काही जण जनरेटरची पिन भिंतीतल्या सॉकेटमध्ये घालतात, की झालं, सगळ्या घरात वीज. पण ती वीज मीटरमधून उलटी बाहेर जाते, आणि रस्त्यावरचा ट्रान्सफॉर्मर तिला हजारो व्होल्टपर्यंत चढवतो. तार मेलेली आहे असं समजून खांबावर चढलेला माणूस त्या तारेला हात घालतो. घराच्या वायरिंगला जनरेटर जोडायचा असेल तर मधे बाहेरची लाईन तोडणारा चेंजओव्हर स्विच हवाच. तो नसेल तर जाड एक्स्टेन्शन वायरीने फ्रिजला, दिव्याला थेट जोडावं आणि तेवढ्यावर भागवावं.

टेक्सासचं उदाहरण थोडं सविस्तर पाहण्यासारखं आहे, कारण तिथे बर्फाने तारा तुटल्या म्हणून नव्हे, तर वीज तयारच होईना म्हणून अंधार झाला. टेक्सासचं बरंचसं वीजजाळं अमेरिकेच्या इतर जाळ्यांपासून वेगळं आहे. शेजाऱ्याकडून उसनी वीज घ्यायची वाट अगदी अरुंद. १५ फेब्रुवारी २०२१ च्या पहाटे थंडीमुळे एकामागून एक वीजकेंद्रं बंद पडू लागली. मागणी जास्त आणि पुरवठा कमी झाला की जाळ्याची वारंवारता घसरते. तिकडे ती सेकंदाला ६० आवर्तनं ठेवावी लागते. दोनच्या सुमारास ती ५९.४ च्या खाली गेली. तशीच नऊ मिनिटं राहिली असती तर आणखी केंद्रं आपोआप सुटली असती आणि अख्खं जाळं कोसळलं असतं. ते पुन्हा उभं करायला कदाचित आठवडे लागले असते. एर्कॉट या व्यवस्थापक संस्थेने भराभर लोकांची वीज तोडली आणि चार मिनिटं सदतीस सेकंद शिल्लक असताना जाळं सावरलं.

सावरलं ते ४५ लाखांहून अधिक घरं-दुकानं अंधारात ठेवून. ही कपात आळीपाळीने फिरवायची असते. पण इतकी मोठी कपात लागली, की ज्या फीडरवर रुग्णालयं, पाणीपुरवठा वगैरे होतं ते सोडून उरलेल्यांत फिरवायला काही शिल्लकच राहिलं नाही. त्यामुळे ज्यांची गेली त्यांची दिवसचे दिवस गेलीच, आणि शहरांच्या मध्यभागातल्या रिकाम्या उंच इमारती रात्रभर झगमगत राहिल्या. त्यातून आणखी एक गाठ उघड झाली. वीजकेंद्रांना गॅस लागतो. गॅस पाइपांतून पुढे ढकलणारे काही कॉम्प्रेसर विजेवर चालतात. त्यांतल्या काहींची नोंद अत्यावश्यक म्हणून झालेलीच नव्हती. त्यांची वीज तोडली गेली, गॅस कमी झाला, वीज आणखी कमी झाली. २०११ च्या थंडीतही असंच झालं होतं, यंत्रणा थंडीला तयार करा असं तेव्हाच लेखी सांगितलं गेलं होतं. ते सक्तीचं केलं नाही. २०२१ च्या थंडीत राज्य सरकारच्या मोजणीत २४६ माणसं गेली, बहुतेक थंडीने, त्यांतली कित्येक स्वतःच्या घरात. याचा राग यायला हवा, आणि मला येतो.

टेक्सासमध्ये ऑस्टिन, डॅलस, ह्यूस्टन ही आता मराठी घरांचीही शहरं आहेत. तिथली घरं उन्हाळ्यासाठी बांधलेली. पाण्याचे पाइप पोटमाळ्यावरून, बाहेरच्या भिंतीतून नेलेले, वर नीट आवरण नाही, कारण तिथे आठवडाभर गोठवणारी थंडी कोण धरून चालतो? डॅलसमध्ये १६ फेब्रुवारीला पारा उणे १९ सेल्सिअसवर गेला. पाइप गोठले.

पाइप का फुटतो, हे नीट समजून घेतलं तर काय करायचं ते पाठ करावं लागत नाही. पाणी गोठताना नऊ टक्क्यांनी फुगतं. पण पाइप फुटतो तो बर्फाच्या गुठळीपाशी फुटेलच असं नाही. गुठळी वाढत जाते तशी ती तिच्या पुढचं पाणी बंद नळाकडे दाबत नेते. नळ बंद, मागे बर्फ, मधलं पाणी कोंडलेलं. त्याला जायला जागा नाही, दाब वाढत जातो, आणि पाइप तिथे, त्या गुठळीपासून लांबही, फाटतो. म्हणून थंडीच्या रात्री नळ बारीक धारेने उघडा ठेवतात. वाहतं पाणी उशिरा गोठतं हे खरं, पण खरा फायदा असा की गोठलं तरी दाबाला वाट मिळते. सिंकखालच्या कपाटाची दारं उघडी ठेवायची, म्हणजे खोलीची ऊब पाइपापर्यंत पोचते. आणि घर सोडून जायचंच असेल तर मेन कॉक बंद करून, सगळ्यात खालचा आणि सगळ्यात वरचा नळ उघडून पाइप रिकामे करायचे. रिकाम्या पाइपात फुगायला काही नसतं.

पाण्याची दुसरी बाजूही पाहावी लागते. माँट्रियलमध्ये ९ जानेवारीला शहराच्या जलशुद्धीकरण केंद्रांची वीज गेली आणि शहराच्या हाती काही तासांचंच पाणी उरलं. टेक्सासमध्ये पाइप फुटून दाब घसरला, केंद्रं बंद पडली, आणि एक कोटीहून अधिक लोकांना पाणी उकळून प्यायला सांगावं लागलं, अशा वेळी, की उकळायला अनेकांकडे काही नव्हतं. थंडीची लाट येणार अशी बातमी आली की बाथटब भरून ठेवायचा तो याचसाठी. बादलीभर पाणी टाकलं की संडास साफ होतो. आपल्या घरी पाणी भरून ठेवण्याचं कुणाला सांगावं लागत नाही. तिकडे जन्मलेल्या नातवंडांना मात्र हे सांगावं लागतं.

खाण्याचं फार अवघड नाही. फ्रिज उघडला नाही तर चार तास, भरलेला फ्रीझर दोन दिवस, अर्धा भरलेला एक दिवस टिकतो. बाहेर एवढा बर्फ आहे तर अन्न बाहेरच ठेवावं असं सुचतं, पण दुपारचं ऊन आणि रॅकून दोन्ही त्यावर टपलेले असतात. त्यापेक्षा डब्यांत पाणी भरून बाहेर गोठवावं आणि तो बर्फ फ्रिजमध्ये आणून ठेवावा. घर सोडून जाताना एक वाटी पाण्याची फ्रीझरमध्ये गोठवून तिच्यावर एक नाणं ठेवावं. परत आल्यावर नाणं वरच असेल तर बरं. बर्फाच्या तळाशी गेलेलं असेल तर मधे सगळं वितळून पुन्हा गोठलंय, अन्न टाकून द्यायचं. इन्शुलिनचं मात्र लक्षात ठेवायला हवं. आपल्याकडे ते उष्णतेपासून जपतात. तिथे गोठण्यापासून जपावं लागतं. एकदा गोठलेलं इन्शुलिन पुन्हा पातळ दिसलं तरी वापरायचं नसतं. ते अंगाजवळ, आतल्या खिशात ठेवावं.

आता म्हाताऱ्या माणसांबद्दल. वय झालं की थंडीची जाणीव बोथट होते, हुडहुडीही उशिरा भरते. हिवाळ्यात मुलांकडे राहायला गेलेले आईवडील कुणाला त्रास नको म्हणून बोलतही नाहीत. शरीराचं आतलं तापमान ३५ च्या खाली गेलं की जीभ जड होते, हातातली वस्तू निसटते, चाल अडखळते, माणूस चिडचिडं किंवा गप्प होतं. बोलता-बोलता शब्द ओढले जात असतील, शर्टाचं बटण लावता येत नसेल, तर लगेच हालचाल करायची. आणि थरथर थांबली म्हणजे बरं वाटू लागलं असं समजायचं नाही. शरीराची ताकद संपली म्हणून ती थांबते. अशा माणसाला ओल्या कपड्यांतून बाहेर काढून छाती, मान, काखा इथे ऊब द्यायची, शुद्ध असेल तर गोड गरम पेय द्यायचं, हात-पाय जोरात चोळायचे नाहीत, आणि रुग्णवाहिका बोलवायची. दारू तर मुळीच नाही. तिने कातडीतल्या रक्तवाहिन्या मोकळ्या होतात, गरम वाटतं, आणि आतली ऊब बाहेर पडते.

१९९८ च्या त्या आठवड्यांत क्वेबेकमध्ये पोलीस आणि सैनिक घरोघर जाऊन लोकांना निवाऱ्यात चला म्हणून विनवत होते. अनेक जण जायला तयार नव्हते. घर सोडलं तर पाइप फुटतील, चोरी होईल, मांजराचं काय, अशी कारणं. खरं तर कारण एकच, आपलं घर. त्यांना मी दोष देणार नाही. पण एका खोलीएवढं केलेलं घरही तापत नसेल, तर मग शेजाऱ्याची स्टोव्ह असलेली खोली, नाहीतर शाळेचा हॉल. त्या दिवसांत निवाऱ्यांत सतरंज्या-खाटांवर हजारो लोक राहिले, दूरच्या भागांतून सरपणाचे ट्रक आले, हजारो सैनिक तारा, झाडं आणि खांब हटवायला उतरले.

गोठ्यांची कथा वेगळी लिहिण्यासारखी आहे. दुभत्या गाईला दिवसातून दोनदा पिळावंच लागतं. नाही पिळलं तर कास सुजते. शंभर गाईंचा गोठा यंत्राशिवाय हाताने कोण पिळणार? शेतकऱ्यांनी जनरेटर वाटून घेतले. एका गोठ्यात दोन तास, मग तोच जनरेटर ट्रॅक्टरला बांधून पुढच्या गोठ्यात, रात्रभर. पिळलेलं दूध पुष्कळदा ओतून द्यावं लागलं, कारण डेअऱ्या बंद होत्या. तरी पिळलं, गाईसाठी. बूशरव्हिल गावाने तर रेल्वेचं इंजिनच मागवलं. डिझेल इंजिन मुळात फिरतं वीजकेंद्रच असतं. डिझेलवर जनित्र फिरतं आणि त्या विजेवर चाकं. क्रेनने ते रुळांवरून उतरवलं आणि डांबरी रस्त्यावरून, चाकांनी रस्ता चरत, नगरपालिकेच्या इमारतीपर्यंत चालवत नेलं. त्याच्या तारा इमारतीला जोडल्या.

चोवीस वर्षांनी, २०२२ च्या हिवाळ्यात, युक्रेनमध्ये वीजकेंद्रांवर क्षेपणास्त्रं पडू लागली तेव्हा कीव्हमधल्या उंच इमारतींच्या लिफ्टमध्ये रहिवाशांनी खोके ठेवले. आत पाण्याची बाटली, बिस्किटं, बॅटरी, काही ठिकाणी औषधं. वीज मधेच गेली आणि कुणी अडकलं तर त्या अनोळखी माणसासाठी. बर्फ असो की युद्ध, सोय करणारी माणसं सारखीच सोय करतात.

वीज परत येते तेव्हाही थोडा धीर लागतो. वीज गेल्याबरोबरच हीटर, ओव्हन, गिझर यांची बटणं बंद करून ठेवावीत आणि एका दिव्याचं तेवढं चालू ठेवावं. कारण थंडगार झालेल्या हजार घरांतले सगळे हीटर एकाच क्षणी सुरू झाले तर नेहमीपेक्षा कितीतरी जास्त ओढ लागते, आणि कष्टाने जोडलेली लाईन पुन्हा पडते. दिवा लागला की दहा-पंधरा मिनिटं थांबून एकेक यंत्र चालू करायचं. गोठलेला पाइप सोडवायला आधी त्याचा नळ उघडायचा, मग गरम टॉवेल किंवा हेअर ड्रायर घेऊन नळाकडून मागे सरकत जायचं. उघडी ज्योत कधीच लावायची नाही. फुटलेला पाइप गोठलेला असेपर्यंत गळत नाही. तो गळतो बर्फ वितळल्यावर, घर उबदार झाल्यावर, सगळे निवांत झोपल्यावर. म्हणून मेन कॉक एकदम उघडायचा नाही. थोडासा फिरवायचा, घरातल्यांना गप्प करायचं, आणि एकेका भिंतीला कान लावून ऐकत फिरायचं.